मोटारीची टक्कर आणि विम्याचा तंटा

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघालें म्हणजे चेलाडीच्या फाट्यावर नसरापूर लागतें. तेथून पश्चिमेस वेल्ह्याकडे जाणारी सडक आंबवण्यावरून मार्गासनीस येते. या गांवीं तिला दोन तोंडें फुटतात. एक वाट विंझरावरून वेल्ह्यास, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशीं जाते. दुसरी साखर गांवावरून गुंजवण्यास, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशीं जाते. शिवछत्रपतींची राजधानी ज्या गडावर सुमारें पाव शतक होती, त्या गडाची ही वाट असल्यामुळें पावसाळ्यांतील रविवारीं येथें शहरांतल्या मोटारींची रीघ लागते. आणि गांवचा टेम्पो, दुधाची गाडी, एस. टी., गुरें घेऊन चाललेला शेतकरी, या सर्वांना त्याच अरुंद सडकेवरून जावें लागतें.

या फाट्यावर एखादी मोटार आणि एखादा टेम्पो यांची टक्कर झाली, असें क्षणभर समजावें. मोटारीचें तोंड चेपलें, टेम्पोची कांच फुटली आणि कडेनें जाणाऱ्या एका माणसाचा पाय मोडला. दहा मिनिटांत माणसें जमतात, चूक कोणाची यावर दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांतून एकच वाक्य ऐकूं येतें: "विमा आहे ना, मग भांडतां कशाला?" खरें भांडण तेथूनच सुरू होतें. कारण या एका टकरींतून दोन अगदीं निराळे दावे उत्पन्न होतात. मोटारवाल्याचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा हा एक. मोडलेल्या पायाचा दावा हा दुसरा. वरवर पाहतां दोन्ही एकाच कागदावर, विम्याच्या पॉलिसीवर, उभे दिसतात. पण गेल्या शंभर वर्षांत या दोहोंचे रस्ते मार्गासनीच्या वाटांसारखेच फुटत गेले आहेत. हा इतिहास ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ सुशिक्षित माणसेंही एका दाव्याचा नियम दुसऱ्यास लावून फसतात.

'विमा' हा शब्द फारसी 'बीम' म्हणजे भय या शब्दाच्या कुळांतला. भय विकत घेणारा एक आणि विकणारा दुसरा, असा हा मूळचा दोघांचा सौदा. समुद्रावरील गलबतांचा विमा असो, किंवा जकात, वाटखर्च व जोखीम यांसह ठराविक रकमेंत माल पोंचविण्याचा आपल्याकडील 'हुंडाभाडें' नांवाचा जुना रिवाज असो, त्यांत तिसऱ्याचा संबंध येत नसे. गलबत बुडालें तर मालाचा धनी पैसे मागे. गलबताखालीं सांपडलेल्या मच्छीमाराची चौकशी त्या कागदांत कोणी करीत नसे. मोटार आली तेव्हां तिनें हाच कागद वारसा म्हणून आणला. मात्र मोटार ही समुद्रावर चालत नाहीं, माणसांच्या गर्दींतून चालते, एवढा एक फरक कोणाच्या ध्यानीं यावयास बरीच वर्षें गेलीं.

त्यापूर्वीं अपघातांत सांपडलेल्या माणसाची दशा काय होती, तें पाहण्यासारखें आहे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानें माणूस मेला तर त्याच्या वारसांस भरपाई मागतां यावी, असा कायदा हिंदुस्थानांत १८५५ सालीं झाला. इंग्लंडांत तो १८४६ सालीं, आगगाडीच्या पहिल्या भरांत झाला होता. तोंपर्यंत माणसास जखमी करणाराला दंड भरावा लागे आणि जिवानिशीं मारणाराला दिवाणी अदालतींत कांहींच भरावें लागत नसे, असा विलक्षण न्याय त्या देशांत चालू होता. १९१४ सालीं हिंदुस्थानास लागू असा मोटारींचा कायदा झाला. त्यानें मोटारींची नोंदणी व हांकणाराचा परवाना हे विषय हातीं घेतले, परंतु सक्तीच्या विम्याचा त्यांत पत्ता नव्हता. पाय मोडलेल्या माणसानें दिवाणी अदालतींत कोर्ट फी भरून फिर्याद करावी, ड्रायव्हरची चूक शाबीत करावी, हुकूमनामा मिळवावा, आणि मग मालकाची मिळकत शोधीत फिरावें, असा तो मार्ग होता. मालकानें हौसेनें विमा उतरविला असला तरी कंपनी त्या माणसास दारांत उभें करीत नसे. "आमचा करार मालकाशीं, तुमच्याशीं नाहीं," हें तिचें उत्तर कायद्यास धरूनच होतें. त्यांत मालकाचें दिवाळें निघालें तर गंमत अशी कीं, विम्याची रक्कम सर्व सावकारांच्या खळ्यांत पडे आणि ज्याच्या मोडलेल्या पायामुळें ती रक्कम आली, तो माणूस त्या रांगेच्या शेवटीं उभा राही.

मार्गासनीच्या बाबतींत आणखी एक गुंता होता. हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानांतला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळानें केलेला कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे. पुण्याची मोटार येथें कोणास धडकली, तर अपघात एका राज्यांत आणि मालक दुसऱ्या राज्यांत अशी स्थिति होई. मग दावा कोणत्या अदालतींत गुदरावा, हाच पहिला प्रश्न.

इंग्लंडनें १९३० सालीं हा पेंच सोडविला. त्या वर्षीं दोन कायदे झाले. एकानें परक्या माणसास होणाऱ्या इजेचा विमा प्रत्येक मोटारवाल्यास सक्तीचा केला. दुसऱ्यानें मालकाचें दिवाळें निघाल्यास विम्याच्या रकमेवरील हक्क जखमी माणसाकडे दिला. १९३४ सालीं आणखी एक पाऊल पडलें: मालकाविरुद्ध झालेला निवाडा कंपनीनें स्वतः फेडावा, असें ठरलें. कराराशीं ज्याचा काडीचाही संबंध नाहीं अशा वाटसरूस त्या कराराचें फळ मिळावें, ही गोष्ट करारशास्त्राच्या दृष्टीनें मोठीच क्रांति होती. पण ती कायद्याच्या रूक्ष कलमांतून झाल्यामुळें तिचा गाजावाजा झाला नाहीं.

हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें हें तत्त्व आठव्या प्रकरणांत आणलें. कायदा त्याच वर्षीं लागू झाला. परंतु विम्याचें हें प्रकरण १ जुलै १९४६ पर्यंत थांबून राहिलें. मधल्या काळांत महायुद्ध होऊन गेलें. पुढें ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि हद्दीचा जुना गुंता सुटला. त्याच वर्षाच्या १ जून रोजीं पुणें ते अहमदनगर अशी सरकारी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. सडकेवर वाहनें वाढण्याचा काळ आणि वाटसरूच्या हक्काचा काळ असे बरोबरच आले.

परंतु हक्क कागदावर आला म्हणजे पदरांत पडतो असें नाहीं. फिर्याद दिवाणी अदालतींतच करावी लागे, आणि तेथें वर्षें लोटत. म्हणून १९५६ सालच्या दुरुस्तीनें मोटार अपघात दावे न्यायाधिकरणें स्थापण्याची सोय झाली. कंपनीला मालकाच्या आड लपतां येईना, तेव्हां तिनें मालकाच्या जागीं उभें राहून लढण्याचा हक्क मागितला. ड्रायव्हरची चूक नव्हतीच, किंवा मागितलेली रक्कम फार आहे, असे सर्व मुद्दे आम्हांसही मांडूं द्या, असें तिचें म्हणणें. १९५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कॅप्टन इतबारसिंग यांच्या दाव्यांत याचें उत्तर दिलें. कायद्यानें कंपनीस जे मोजके आक्षेप दिले आहेत तेवढेच तिला घेतां येतील: गाडी पॉलिसींत मना केलेल्या कामासाठीं वापरली, हांकणारा बिनपरवान्याचा होता, महत्त्वाची गोष्ट लपवून विमा उतरविला, वगैरे. बाकी कांहीं बोलावयाचें असेल तर तसा अधिकार पॉलिसींत राखून मालकाच्या नांवानें बोलावें. हा निकाल दिसावयास तांत्रिक. पण त्यापुढील बहुतेक तंटे या मोजक्या आक्षेपांभोंवतींच फिरत राहिले आहेत.

आतां मुंबई उच्च न्यायालयांतून गेलेल्या एका दाव्याची हकीकत सांगणें अवश्य आहे, कारण मोटारीच्या टकरीचें हें आपल्या प्रांतांतलें नामांकित प्रकरण. विधिज्ञांत तें मिनू मेहता यांच्या नांवानें ओळखलें जातें. एक गृहस्थ आपल्या मोटारींतून चालले असतां समोरून येणारी लॉरी त्यांच्या मोटारीवर आदळली व ते जायबंदी झाले. त्यांनीं न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली. लॉरीच्या मालकांचें म्हणणें असें कीं, ड्रायव्हर निर्दोष आहे. यंत्रांत एकाएकीं बिघाड झाला, त्यास कोण काय करणार? न्यायाधिकरणानें तें मानलें नाहीं. कंपनीनें वीस हजार रुपये द्यावेत व वरील रक्कम मालकांनीं भरावी, असा निवाडा झाला. वीस हजारच कां? तर मालवाहू गाडीच्या बाबतींत कंपनीची कायदेशीर जबाबदारी त्या वेळीं तेवढ्यावर थांबत असे. खासगी मोटारीस अशी मर्यादा नव्हती. म्हणजे जखमी माणसाचें नशीब त्याच्या जखमेवर नव्हे, तर त्याला धडकलेलें वाहन कोणत्या जातीचें यावर अवलंबून होतें!

अपिलांत मुंबई उच्च न्यायालयानें धाडसी भूमिका घेतली. विमा सक्तीचा केला याचा अर्थच असा कीं, आतां जखमी माणसानें चूक शाबीत करण्याची गरज उरली नाहीं. वाहन रस्त्यावर आणलें, इजा झाली, एवढें पुरे. सर्वोच्च न्यायालयास हें पटलें नाहीं. २८ जानेवारी १९७७ च्या निकालांत त्यानें म्हटलें कीं, मालकाची जबाबदारी चुकीवरच उभी आहे, आणि विमा हा त्या जबाबदारीचा आहे. जबाबदारीच नसेल तर विमा कशाचा? मात्र यंत्रांतील छुपा दोष हा बचाव घ्यावयाचा असेल तर गाडीची योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हें शाबीत करण्याचा बोजा मालकावर आहे, आणि तो या मालकांना उचलतां आला नाहीं. तेव्हां तत्त्वांत मुंबईचें उच्च न्यायालय हरलें, पण जखमी गृहस्थ जिंकले. असे निकाल न्यायाच्या इतिहासांत वारंवार भेटतात. पक्षकारास त्यांचें कांहीं वाटत नाहीं, वकिलांना मात्र पुढें अनेक वर्षें काम मिळतें.

त्याच वर्षीं मार्चमध्यें नागपूरच्या वाटेवरील एका मोटारीचा तंटा त्याच न्यायालयांत निकालास निघाला. १९६० सालच्या डिसेंबरांत रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार नागपुराहून पांढुर्ण्यास जात असतां रस्ता सोडून झाडावर आदळली. गाडी कंपनीचा मॅनेजर हांकीत होता. आंत बसलेले एक गृहस्थ दगावले. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसतां चूक शाबीत कशी करावयाची? न्यायालयानें सांगितलें कीं, नीट हांकलेली मोटार सडक सोडून झाडाला जाऊन भिडत नाहीं. घडलेली गोष्टच बोलते, आणि तिचा खुलासा मालकानें करावा. विमा कंपनीची जबाबदारी मात्र पॉलिसीप्रमाणें पंधरा हजारांवरच थांबली. उरलेली रक्कम मालकाच्या माथीं आली. अपघात आणि निकाल यांत सोळा वर्षें गेलीं होतीं.

या विलंबाची लाज वाटून म्हणा किंवा १९७७ च्या निकालाचा परिणाम म्हणून म्हणा, १९८२ सालीं संसदेनें चुकीचा प्रश्न न विचारतां कांहीं रक्कम प्रथम देण्याची तरतूद केली: मृत्यूस पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वास साडेसात हजार रुपये. मुंबईच्या न्यायाधीशांनीं जें मोठ्या मापानें देऊं केलें होतें, तें अशा रीतीनें चिमटीनें परत आलें. पुढें १९८८ च्या नव्या कायद्यानें मृत्यू व इजा यांबाबतची वीस हजारांसारखी बंधनें काढून टाकलीं.

यानंतर तंट्याचा सगळा जोर परवान्याच्या आक्षेपावर आला. १९८७ सालीं गुजराथेंतील एका ट्रकचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाण्याचे जिन्नस आणावयास गेला, मागें क्लीनरनें गाडी हलविली आणि एका माणसाचा बळी गेला. क्लीनरजवळ परवाना नव्हता. तरीही न्यायालयानें कंपनीस सोडलें नाहीं. मालकानें परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता, आणि अट मोडली ती त्याच्या इच्छेनें नव्हे, असें ठरविलें. २००४ सालीं स्वर्णसिंग यांच्या दाव्यांत तीन न्यायाधीशांनीं हा विचार पक्का केला. अट मोडल्याचें कंपनीनें शाबीत करावें, ती मालकाच्या दोषानें मोडली व अपघाताशीं तिचा संबंध होता हेंही दाखवावें. आणि तें दाखविलें तरी न्यायालय कंपनीस सांगूं शकतें कीं, आधीं जखमी माणसास पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. हलक्या वाहनाचा परवाना असणारानें साडेसात हजार किलोपर्यंतचें मालवाहू वाहन हांकलें तर कंपनीस पैसे नाकारतां येतात काय, हा वादही ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं घटनापीठानें ड्रायव्हरांच्या बाजूनें मिटविला. मार्गासनीच्या सडकेवर जे टेम्पो धांवतात, ते बहुतेक याच वजनाचे.

येथपर्यंतचा इतिहास पाय मोडलेल्या माणसाचा. करार त्याच्यापुढें हळूहळू वांकत गेला. मोटारवाल्याच्या स्वतःच्या दाव्यापुढें मात्र तो तसा वांकलेला नाहीं. कारणही उघड आहे. वाटसरूनें अटी वाचल्या नव्हत्या, मालकानें त्यांवर सही केली होती, मग ती न वाचतां केली असली तरी.

हा दावा विमाकंपनीच्या सर्व्हेअरपासून सुरू होतो. चेपलेलें तोंड पाहून तो आंकडा घालतो, आणि तो आंकडा मालकाच्या ग्यारेजवाल्याच्या आंकड्याशीं सहसा जुळत नाहीं. रबर व प्लॅस्टिकचे भाग निम्म्या किमतीचे धरतात, कांचेवर घट धरीत नाहींत, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें घट धरतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या विमाकिमतीच्या पाऊणपटीवर गेला तर गाडी संपूर्ण नुकसानींत काढतात. हीं कोष्टकें विमा उतरवितांना कोणी पाहत नाहीं. टक्कर झाल्यावर प्रथमच वाचतो आणि फसवणूक झाली असें म्हणतो. बहुतेक वेळां ती फसवणूक नसते. पण सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्यही नव्हे. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका ट्रकच्या दाव्यांत तसें स्पष्ट म्हटलें आहे.

खरा कडू तंटा अटीभंगाचा. खासगी मोटार म्हणून विमा उतरवावयाचा आणि बाजाराच्या दिवशीं चार उतारू घेऊन भाडें कमवावयाचें, ही चाल आडवाटेच्या गांवांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. टक्कर झाली कीं कंपनी दावा साफ फेटाळी. २०१० सालीं अमलेंदु साहू यांच्या दाव्यांत असाच आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशा ठिकाणीं सर्वस्वीं नकार देणें योग्य नाहीं. कांहीं कपात करून दावा मिटवावा. या कपातींत पाऊण रक्कम देण्याचा प्रघात कंपन्यांच्या स्वतःच्या नियमांतच होता. पण दारूच्या अंमलाखालीं किंवा परवान्याशिवाय गाडी हांकली असेल तर मालकास अशा सवलतीची आशा धरणें कठीण. मौज अशी कीं, त्याच टकरींत, त्याच पॉलिसीवर, जखमी माणसाला पैसे मिळूं शकतात. आणि ते मिळाल्यावर कंपनी ते वसूल करावयास त्याच मालकाच्या दारीं येते.

दोन्ही वाहनांचे विमे उतरलेले असले म्हणजे कंपन्या आपसांत एक सोईचा व्यवहार करीत आल्या आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त करून द्यावी, चूक कोणाची याचा हिशेब मांडूं नये. कंपन्यांचा वकिलांवरील खर्च वांचतो. मात्र ज्याची चूक नव्हती त्या मालकाची बिनदाव्याची सवलत जाते, आणि ती कां गेली हें त्यास कोणी समजावून सांगत नाहीं.

तक्रार कोणाकडे करावयाची, याचाही इतिहास आहे. १९७३ सालीं देशांतील एकशें सात सर्वसाधारण विमा कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या केल्या. त्यांतील एक, न्यू इंडिया, सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ सालीं मुंबईंत काढलेली. कंपनी सरकारी झाली म्हणून तंटे कमी झाले नाहींत. १९८६ च्या ग्राहक कायद्यानें मात्र गाडीवाल्यास दिवाणी अदालतीहून सोपें दार उघडून दिलें. १९९८ पासून विमा लोकपालाची सोय झाली, आणि पुण्यासही लोकपालाचें कार्यालय आहे. तेथें वकील लागत नाहीं व फी पडत नाहीं. आधीं कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, एवढी अट. आणि ग्राहक आयोगाकडे जावयाचें तर दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे.

जखमी माणसाच्या अर्जास मुदत असूं नये, असें १९९४ च्या दुरुस्तीनें ठरविलें होतें. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हां आली, आणि तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें. त्याच वेळीं आलेल्या नियमांप्रमाणें पोलिसांनीं अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. म्हणजे पाय मोडलेल्या माणसाचा कागद तो खाटेवर असतांनाच पुढें सरकूं लागतो. मोटारवाल्याचा कागद मात्र त्याला स्वतःलाच हलवावा लागतो: टकरीची वर्दी कंपनीस त्याच दिवशीं, गाडी सर्व्हेअरनें पाहीपर्यंत जशीच्या तशी, परवान्याची व पंचनाम्याची नक्कल बरोबर. राजगडाची वाट पाहण्यास आलेल्या कुटुंबाची मोटार नसरापुरास ओढून नेली जाते तेव्हां यांतल्या निम्म्या गोष्टी राहून गेलेल्या असतात.